शेक्सपियरच्या मॅकबेथवर एकच थीसिस स्टेटमेंट (निबंधाचं मुख्य मत एका वाक्यात) तयार ठेवलं तर कुठल्याही प्रश्नाला चालेल का?

घणसोलीकर_टीवाय
टीवायबीए इंग्लिश, कॉलेज ठाण्याला. मॅकबेथवर मोठा निबंध येणार हे नक्की, पण अ‍ॅम्बिशनवर येईल की चेटकिणींवर की लेडी मॅकबेथवर काय सांगता येत नाही. क्लासवाल्यांनी अ‍ॅम्बिशनवर एक इंट्रो पाठ करायला दिलीय, पण चेटकिणींवर विचारलं तर ती कशी बसवायची? थोडं फिरवून कुठेही लावता येईल असं काही असतं का? सिनियर्स प्लीज सांगा

कोपरीची_ताई
ती इंट्रो सोड बाबा. विषय पाठ करू नकोस, नाटकाबद्दल तुझं मत काय ते ठरव. "अ‍ॅम्बिशनमुळे नाश झाला" हे अख्खा वर्ग लिहिणार. त्यापेक्षा हे धर: आपण करतोय ते पाप आहे हे मॅकबेथला आधीपासून कळतं, तरी तो करतो, आणि ते कळणंच त्याला खात राहतं. आता फिरव. चेटकिणी आल्या तर, त्यांनी राजा होशील एवढंच सांगितलं, डंकन राजाला मार असं कुठे म्हटलंय? खुनाचा विचार ह्याच्याच डोक्यात येतो आणि हाच दचकतो. अ‍ॅम्बिशन आलं तर पहिला अंक, ७ वा प्रवेश, राजा नातलग आहे, पाहुणा आहे, चांगला आहे, न मारायची सगळी कारणं तो स्वतःच मोजतो आणि दुसऱ्या बाजूला उरते नुसती अ‍ॅम्बिशन. लेडी मॅकबेथला उलटं घे, दुसऱ्या अंकात म्हणते हातावरचं खुनाचं रक्त थोड्या पाण्याने जाईल आणि पाचव्यात झोपेत चालत तेच हात चोळत असते

वाशी_स्टाफरूम
ताईंचं पटलं, पण मत घरून आणा, वाक्य हॉलमध्येच बनवा. प्रश्नातला मुख्य शब्द त्या वाक्यात दिसला नाही की तपासणाऱ्याला लगेच कळतं हे रेडिमेड आहे. "टू व्हॉट एक्स्टेंट" असेल तर कितपत ते स्पष्ट लिहा, उगाच दोन्हीकडून बोलू नका. आणि चांगला राजा कोण असा प्रश्न आला तर हे मत ओढूनताणून बसवू नका, तिथे डंकन आणि चौथ्या अंकात डंकनचा मुलगा मॅल्कम सरदार मॅकडफची परीक्षा घेतो तो ३ रा प्रवेश जास्त कामाचा.

घणसोलीकर_टीवाय
भारी! आणि मॅकबेथने मारवलेल्या मित्राचं, बँक्वोचं भूत? ते सुपरनॅचरलमध्ये टाकू ना?

कोपरीची_ताई
टाक की, पण मेजवानीला एवढे लोक बसलेत आणि ते दिसतं फक्त मॅकबेथला, हे लिहायला विसरू नकोस