थवा, टोळी की दिंडी?

टिटवी :
भाषांतरात अडकलेय. कर्नाळ्याच्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांवरचा लेख आहे. पाच-सात जातींचे पक्षी एकत्र चरत जंगलातून सरकतात, त्याला मी 'मिश्र थवा' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडलं : "थवा आकाशात असतो, हे फांद्यांतून चरतायत." गंमत म्हणजे रविवारी कर्नाळ्यातच मोरटाक्याच्या वाटेवर मला नेमकं हेच दिसलं. पाऊण तास शुकशुकाट. मग भृंगराजाची, म्हणजे त्या लांब शेपटीच्या काळ्या कोतवालाची, शीळ आली आणि मागोमाग निखार, शिलींद्री, वटवटे, सगळे डोक्यावर! दुर्बीण कुठे लावू कळेना. पाच मिनिटांत परत सामसूम. याला म्हणायचं काय?

खोपटं :
थवाच. शाळेत समूहदर्शक शब्द घोकले नाहीत का? कॉलेजच्या फाटकाशी पोरींचा थवा असतो, तो उडतो का?

देवरुखकर_अण्णा :
त्या घोकंपट्टीवर जाऊ नका. आमच्या गुरुजींनी 'केळ्यांचा घड' लिहून घेतलं, घरी आजी लोंगर म्हणायची. मी परीक्षेत लोंगर लिहिलं, अर्धा मार्क गेला. अजून सलतो.

रानमांजर :
टोळी म्हणा. भृंगराज काय करतो बघा : बाकीचे पानं हलवतात, किडे उठतात, हा आयते टिपतो. वर दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. माझ्या मते टोळी हा शब्द टोळ या किड्यावरूनच आला असणार.

खोपटं :
तुमच्या मते. आणि शिक्रा, म्हणजे शिकारी पक्षी, आला की पहिला ओरडतो तोही भृंगराजच. टोळीत असा राखणदार असतो होय?

सायली_डोंबिवली :
दिंडी! वाटेत कुणी सामील होतो, कुणी गळतो, पण चाल एकच. भृंगराज विणेकरी.

रानमांजर :
दिंडीत कुणी दुसऱ्याचं आयतं लाटत नाही.

सायली_डोंबिवली :
मुक्कामाला कधी राहिला नाहीत वाटतं. सकाळी स्वतःची चप्पल शोधून दाखवा.

शब्दशुद्धी :
शास्त्रीय लेखात दिंडी-फिंडी नको. पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या विणीच्या जागेला सारंगागार असे नेटके शब्द दिले. त्याच वळणावर 'खगसंघ' का नको? आणि झुंड कुणी सुचवू नये, तो हिंदी आहे.

खोपटं :
मग झुंडशाही कुठल्या भाषेत लिहिता? आणि खगसंघ वाचून मला कबड्डीचा संघ आठवला.

देवरुखकर_अण्णा :
काकागार मला आवडतो, पण गावात "ती कावळ्यांची चिंच" म्हटल्यावर पोर बरोबर तिथे पोचतं.

शब्दशुद्धी :
टिटवीताई, लेखात 'पक्षीनिरीक्षण' तर लिहिलं नाहीत ना? समासात 'क्षि' ऱ्हस्व. पक्षिनिरीक्षण, पक्षिमित्र.

रानमांजर :
आली वेलांटी! मराठीत पक्षी शब्द आहे, संस्कृतातला पक्षिन् नाही. आमच्या भागात सगळे दीर्घच लिहितात.

शब्दशुद्धी :
सगळे लिहितात म्हणून चूक नियम होत नाही. विद्यार्थिगृह कसं लिहिता?

रानमांजर :
हॉस्टेल.

टिटवी :
अहो, लेख उद्या द्यायचाय! तूर्त 'मिश्र थवा' परत घातलाय आणि पुढच्याच वाक्यात "फांदीफांदीने चरत पुढे सरकतात" असं जोडलंय. बाई काय म्हणतात बघू.

सायली_डोंबिवली :
अण्णा, पण लोंगर म्हणजे अख्खा ना? सुटी केली की फणी? आमच्याकडे भाजीवाला डझनाशिवाय बोलतच नाही.

देवरुखकर_अण्णा :
अख्खा तो लोंगर, त्यातली एकेक फणी. गुरुजींना हेच सांगत होतो.