धागा: तरुण संघात रागाचा धडा घेताना आधी वचन की आधी सराव?

पंचगंगाकाठ
चर्चच्या तरुण संघातला रागाचा धडा बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र ४:२६–३२ वाचायचं, “तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका” पाठ करून घ्यायचं, प्रार्थना करून सोडायचं. १५ वर्षांच्या पोराला वचन तोंडपाठ येतं आणि त्याच संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर तो कुणाची तरी कॉलर धरतो. राग चढला की छाती धडधडते, जबडा आवळतो, कान तापतात. त्या क्षणी पाठांतर आठवत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच बाहेर येतं. म्हणून ५० मिनिटांच्या वर्गात वाचनाला १० मिनिटं पुरेत, निम्मा वेळ सरावाला द्या.

तिघांचा गट करा. एक खोडी काढणारा, एक उत्तर देणारा, एक नुसता बघणारा. प्रसंग त्यांच्याच जगातला घ्या, म्हणजे ग्रुपवर कुणीतरी तुझ्या फोटोचं स्टिकर केलंय आणि सगळे हसतायत. उत्तर देणाऱ्याने ४ मोजत श्वास आत घ्यायचा, ६ मोजत सोडायचा, असं पाच वेळा. मिनिटसुद्धा लागत नाही. मग एकच वाक्य: “तू स्टिकर टाकलंस तेव्हा मला सगळ्यांसमोर लाज वाटली, ते काढून टाक.” बघणाऱ्याने आवाज कुठे चढला आणि “तू नेहमीच” कुठे आलं एवढंच टिपायचं. तीन मिनिटांनी भूमिका बदलायच्या. हमखास होणारी चूक म्हणजे “मला वाटलं की तू नालायक आहेस.” यात भावना कुठेच नाही, ही शिवी झाली. तिथेच थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावा.

वचनआधी
अजिबात पटलं नाही. श्वास मोजायला कुठल्याही शिबिरात शिकवतात. इफिसच्या त्याच अध्यायात २२ ते २४ मध्ये जुना मनुष्य काढून नवा धारण करायला सांगितलंय, आणि ३२ मध्ये क्षमेचं कारण दिलंय, देवाने ख्रिस्तामध्ये आपल्याला क्षमा केली म्हणून. हे मूळ कापून नुसतं तंत्र दिलंत तर पोरगं सभ्य होईल, क्षमाशील होणार नाही. आणि थांबायला पौलही शिकवतोच की. २६ वं वचन स्तोत्र ४:४ वरून आलंय, तिथे अंथरुणात आपल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा असं पुढे आहे.

पाठांतर फसतं ते सात वचनं एका दमात घेतल्यामुळे. २५–२७ एका रविवारी घ्या, ३१–३२ पुढच्या. ३१ मधली यादी फळ्यावर पायऱ्यांसारखी लिहा: मनात कडूपणा, मग संताप, मग आरडाओरडा, मग निंदा. “भांडणात तू कुठल्या पायरीवर होतास?” एवढंच विचारा. शांत दिसणारी मुलं बहुधा पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीवर असतात, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

संडेस्कूल ताई
दादा, तुमच्या दोघांच्याही वर्गात एक धोका राहतोच. २६ व्या वचनात पुढे “तुम्ही रागात असता सूर्य मावळू नये” असं आहे, त्याचा घड्याळ लावून माफी, असा अर्थ काढतात. वर्ग सुटायच्या आत दोघांना उभं करून “सॉरी म्हण, हात मिळव.” जखम तशीच राहते, वर खोटं बोलायची सवय लागते. मत्तय १८:१५–१७ मध्ये क्रम स्पष्ट आहे. आधी एकट्याने जाऊन दोष दाखवायचा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जायचं, त्यानंतर मंडळी, म्हणजे चर्च. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पाळकसाहेब, दोघांचे आईवडील आणि पंच एकत्र बसतात. मग भांडण पोरांचं राहतच नाही, दोन घरांचं होतं.

हा क्रम कुठे लावायचा नाही तेही वर्गात स्पष्ट सांगा. मोठं माणूस मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर “एकट्याने जाऊन बोल, क्षमा कर” हे सांगणं घातक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर भिंतीवर लावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मंडळीची बैठक त्याची जागा घेऊ शकत नाही. मुलींना तर “सोशिक हो” एवढंच शिकवतात. वचन त्यांनाही “रागावा” म्हणतं.

पेठेतला भाऊ
ताई, बरोबर आहे. पण “रागावा” म्हटलं की पोरं लगेच म्हणणार, “येशूनं बी मंदिरात सराफांचे चौरंग उलथले की!” उत्तर तयार ठेवा. मार्क ३:५ मध्ये येशू रागाने सभोवार बघतो, लोकांच्या कठीण मनामुळे खिन्न होतो, आणि लगेच वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करतो. त्या रागात दुःख होतं आणि शेवटी कुणाचं तरी भलं झालं.

त्याहून उपयोगी जुन्या करारातला नहेम्या ५. नहेम्या हा यहूदाचा सुभेदार. लोकांची शेतं गहाण पडलीत, पोरं गुलामीत चाललीत, ऐकून नहेम्या भडकतो. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना गहाण आणि सावकारी वेगळी समजवावी लागत नाही. पण तो आधी मनाशी विचार करतो. मग व्याज खाणाऱ्या सरदारांना तोंडावर सुनावतो, सभा बोलावतो, शेतं आणि व्याज म्हणून घेतलेला शेकडा एक हिस्सा परत करा अशी नेमकी मागणी करतो आणि याजकांसमोर शपथ घेववतो. पोरं मधला विचार गाळतात. मोठी माणसं नेमकी मागणी गाळतात आणि वर्षभर कुढत बसतात.

सुतारवाड्याचा शेजार
दयेबद्दल अजून कुणी बोललेलंच नाही. नाताळात दवाखान्यात फळं वाटून फोटो काढले की झाली आपली दया. लूक १० मधल्या येशूच्या गोष्टीत लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाजवळ परका शोमरोनी जातो, तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो (एक दीनार म्हणजे दिवसाची मजुरी) आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. वर्गात हेच घ्या. दोन मुलं, एक घर, ठरलेला वार, चार आठवडे, फोटो नाही. म्हातारं जोडपं असेल तर गोळ्या आणणं, लाइट बिल भरणं, तासभर बोलणं.

२०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर काम वेगळं. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की कुदळीशिवाय निघत नाही. गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असलेल्याला उतरवू नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. ब्लिचिंग पावडरीत ॲसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि घरच्या बाईला विचारल्याशिवाय एक वस्तूही फेकू नका. पोरं उत्साहात भिजलेल्या फाइली टाकतात आणि त्यात रेशनकार्ड, सातबारा असतो. तिसऱ्या तासाला पोरं दमतात, एकमेकांवर खेकसतात. रागाचा धडा तिथे घ्या, हॉलमध्ये नको.

पंचगंगाकाठ
पायऱ्यांची यादी आणि नहेम्या दोन्ही घेतो, ताईंचा १०९८ पहिल्याच वर्गात. पण गाळात धडा घ्या, हे पटत नाही. दमलेल्या पोराला तिथे नवं काही शिकवता येत नाही. आधी शिकलेलं तिथे कामाला येतं, म्हणूनच सराव आधी.

वचनआधी
मग निदान वाचनाची १० मिनिटं २० करा. श्वास मोजायला पाच मिनिटं पुष्कळ झाली.