स्ट्रिंग थिअरीत सिंग्युलॅरिटी खरंच जाते का?

जिज्ञासू_०७: बीएस्सी फिजिक्स झालंय, पुढचं स्वतःच वाचतोय. पेनरोजचं 1965 चं प्रमेय म्हणतं की ताऱ्याचं कोसळणं एका हद्दीपलीकडे गेलं की सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे गणितच मोडून पडतं अशी जागा, टळत नाही. आणि जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की स्ट्रिंग थिअरीत कण म्हणजे बिंदूऐवजी बारीक तार असते म्हणून सिंग्युलॅरिटी पुसट होते. एवढंच?? मला पटत नाहीये, कोणी नीट सांगाल का

पुडीवाला: नाही, एवढंच नाही. शेंगदाण्याची कागदी पुडी घ्या, कागद सगळीकडे सपाट, फक्त टोकाला वक्रता अनंत. आता तिच्यावर रबरबँड चढवा. पुडी उलगडली तर हा रबरबँड मुळात बंद नव्हताच, कागद वळवून चिकटवला म्हणून त्याची टोकं जुळली, आणि ताणामुळे तो सरकत पुडीच्या टोकाशी जाऊन बसतो. रबरबँड म्हणजे तार समजा, अशा तारा फक्त तिथेच राहतात. डिक्सन, हार्वी, वाफा आणि विटन यांनी 1985 मध्ये हेच मांडलं, या तारा हिशोबात धरल्या की त्या टोकावरही थिअरी व्यवस्थित चालते, वगळल्या तर विसंगत होते.

सांगलीकर: सगळीकडे तारांनी भागत नाही पण. कोनिफोल्ड नावाच्या टोकदार भूमितीत एक त्रिमितीय गोल आकसत शून्य होतो आणि उत्तरं अनंत येतात. स्ट्रॉमिंजरने 1995 मध्ये दाखवलं की त्या गोलाला गुंडाळलेल्या ब्रेनचं (तारेसारखीच पण जास्त मितींची वस्तू, गुंडाळली की दुरून कणासारखी दिसते) वस्तुमान गोलाच्या आकारमानावर ठरतं, म्हणजे गोल संपला की वस्तुमानही शून्य, आणि आपण तोच कण गाळून हिशोब करत होतो. मला तरी हे सगळ्यात सुंदर वाटतं, अनंत आलं म्हणजे काहीतरी मोजायचं राहिलं होतं

जिज्ञासू_०७: मग ब्लॅक होलच्या आतली? बिग बँग?

सांगलीकर: ते अजून सुटलेलं नाही, कोणी सुटलं म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. वरची दोन्ही उदाहरणं काळानुसार न बदलणाऱ्या भूमितीची. 2002 मध्ये लिऊ, मूर आणि सायबर्ग यांनी काळानुसार बदलणाऱ्या पुडीवर तारांची टक्कर मोजली तर उत्तर पुन्हा अनंतच आलं. आणि सगळ्याच सिंग्युलॅरिटी जायलाही नकोत! हॉरोविट्झ आणि मायर्स यांचा 1995 चा मुद्दा असा की ऋण वस्तुमानाची सिंग्युलॅरिटी गुळगुळीत झाली तर ऊर्जेला तळच उरणार नाही, म्हणजे सर्वात कमी ऊर्जेची स्थिर अवस्थाच नसेल. आपल्या कोल्हापूरकडचे अतिश दाभोलकर यांचं 2004 चं कामही बघा, क्षितिज (जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही ती सीमा) नसलेल्या सिंग्युलॅरिटीला तारांच्या दुरुस्त्यांमुळे क्षितिज मिळतं असं त्यात आहे.

जिज्ञासू_०७: खूप आभार दोघांचे. रबरबँड आत्ताच करून पाहिला, टोकावरून निसटून गेला. तार निसटत नाही कारण टोकापलीकडे तिला जागाच नाही, बरोबर ना?

पुडीवाला: अगदी बरोबर.