माहिती वाढली, शहाणपण घटलं का? (सोयाबीनच्या पेरणीवरून)

माळरान: लातूरकडे आमचं बारा एकर सोयाबीन. आजोबांचा नियम एकच, ओल वीतभर खाली गेली की तिफण धरायची. कृषी खातंही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं. गेल्या जूनमध्ये वडिलांच्या मोबाइलवर चार अ‍ॅप, सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दोन यूट्यूबवाले. एक म्हणे उद्या धो धो, दुसरा म्हणे दहा दिवस उघडीप. चार दिवस घरात हाच घोळ. शेवटी जो सगळ्यात ठाम बोलत होता त्याचं ऐकून ४० मिलिमीटरवरच पेरलं. पावसानं ताण दिला, दुबार पेरणी करावी लागली. वडील चाळीस वर्षं शेती करतात, पण त्या चार दिवसांत रानात जाऊन मूठभर माती उकरून बघावी, हे त्यांना सुचलं नाही. माहितीच्या माऱ्यानं माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो, असं माझं ठाम मत झालंय.

निफाडकर: साफ असहमत. दुबार पेरणी आजोबांच्या काळातही व्हायची, तेव्हा नशिबाला बोल लावायचे. आमच्याकडे व्यापारी खळ्यावर येऊन सांगेल तोच कांद्याचा भाव होता. आता लासलगावचा भाव मोबाइलवर दिसतो. आणि सोयाबीनचंच बोलायचं तर २०२० साली बियाणं उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. माझ्या मेव्हण्यानं व्हिडिओ पाहून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. किमान ७० उगवायला हवेत, उगवले ५२. पिशव्या परत केल्या. माहिती नसती तर हंगाम गेला असता.

सई_धुळे: रैनपाडा विसरलात? साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. एकच गोष्ट दहा ठिकाणांहून आली की ती खरी वाटायला लागते. समोरच्या माणसाला गाव कुठलं, एवढं विचारायचंही भान राहत नाही.

निफाडकर: ताई, रैनपाड्याचं दुःख मलाही आहे. पण २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा कुणाच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप होतं? साधे फोन पुरले.

सई_धुळे: त्या रांगांत कुणाचा जीव घेतला गेला नाही. भीतीचा मेसेज रोज नव्यानं येत राहिला की माणूस वेगळाच होतो. मी माझ्याच गल्लीत पाहिलंय, फेरीवाल्याला लोक पाणी देईनात.

माळरान: निफाडकर, तुमच्या मेव्हण्यानं व्हिडिओ पाहून दाणे स्वतः मोजले. आमच्याकडे मोजायचंच राहिलं. यंदा बांधावर पर्जन्यमापक लावलाय, पेरणी होईपर्यंत ग्रुप बंद.

निफाडकर: मापक लावलात ते उत्तम. पण १०० मिलिमीटर पडून पुढे पंधरा दिवस उघडीप असेल, तर ते माती कशी सांगणार? हवामान खात्याचा अंदाज तेवढा चालू ठेवा.