रोकबीचे क्वेकर घर आणि पळून आलेले गुलाम : लपवण्याची गोष्ट कितपत खरी?

प्रश्न (फोंडा)
अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात फेरिसबर्ग येथे रॉबिन्सन या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबाचे रोकबी नावाचे घर आता संग्रहालय आहे. रोलंड टी. रॉबिन्सन आणि त्यांच्या पत्नी रेचेल यांनी दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा दिला होता. आमच्या विद्यालयात यावर बोलायचे आहे. या गुलामांना गुप्त खोलीत लपवत असत, असे ऐकिवात आहे. याला आधार आहे का?

उत्तर (म्हापसा)
त्या घरातल्या पत्रांवरून तरी वेगळेच चित्र दिसते. ऑलिव्हर जॉन्सन या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याने १८३७च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाहून रॉबिन्सन यांना सायमन नावाच्या पळून आलेल्या माणसाविषयी लिहिले, की तो वसंतात कॅनडाला जाण्याच्या विचारात आहे, पण सुरक्षित राहता आले तर त्याला याच देशात राहायला आवडेल. लपवण्यासाठी कोणी असे लिहीत नाही. शेतावर काम देण्यासाठी लिहितो. रोकबी हा मेरिनो मेंढ्यांचा मोठा मळा होता, आणि गुलामांच्या राज्यांपासून तो इतका दूर होता की तेथे ही माणसे उघडपणे मजुरी करून राहू शकत.

जेसी या पळून आलेल्या गुलामाची हकिकत तर आवर्जून सांगा. त्याच वर्षी रॉबिन्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनातील त्याच्या मालकाशी मुक्तिपत्रासाठी पत्रव्यवहार केला. मालकाने ३०० डॉलर मागितले, तर जेसीने स्वतःच्या कमाईतून १५० डॉलर साठवले होते. ज्या स्वातंत्र्यावर त्याचा जन्मजात हक्क होता, ते विकत घेण्यासाठी त्याने घाम गाळला, हे वाचताना आजही संताप येतो.

उत्तर (मडगाव)
वरील उत्तराशी मी सहमत आहे. रेचेलबाईंविषयीही अवश्य बोलावे. गुलामांच्या श्रमातून आलेला माल घरात येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता, म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळ सभेपुरती न राहता स्वयंपाकघरापर्यंत आली होती. मात्र सर्वच क्वेकर असे नव्हते. गुलामगिरीच्या जहाल विरोधकांबद्दल पंथातच नाराजी होती.

प्रश्नकर्ती (फोंडा)
मनःपूर्वक आभार. मुलांना हे दूरचे वाटू नये म्हणून गोव्याचा संदर्भ द्यावा का?

उत्तर (म्हापसा)
जरूर द्यावा. पोर्तुगीज काळात मोझांबिकहून आणलेली गुलाम माणसे गोव्यातल्या घरांत राबत होती, आणि पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती १८६९ साली. आपल्याकडील जुन्या वाड्यांत आपण नक्षीदार खांब आणि झुंबरे पाहतो, पण तेथे कोण राबत होते, हे विचारत नाही. मुलांना हाच प्रश्न विचारायला सांगा. घरातल्या जुन्या पत्रांची बाडे रद्दीत जाण्याआधी कोणी तरी ती उघडून पाहील.