चांदणी चौक: मेट्रो यायच्या आधी पायी चालणाऱ्यांचा नकाशा आपण करायचा का?

टेकडीपलीकडचा

पुण्याबाहेरच्यांसाठी आधी थोडक्यात. मुंबई-बंगळूर महामार्ग, कोथरूडहून मुळशीकडे जाणारा पौड रस्ता, पाषाण-बावधनची वाट आणि एनडीए (लष्करी प्रबोधिनी)-वारज्याची वाट, हे सगळं चांदणी चौकात एकमेकांना भेटतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे इथल्या कोंडीत अडकले आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या कामाला एकदम पाय फुटले. २ ऑक्टोबरला मध्यरात्री एकच्या सुमाराला सहाशे किलो स्फोटकं लावून जुना पूल उडवला. तो एका दमात पडला नाही, उरलेला पोकलेन लावून पाडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला गडकरींच्या हस्ते नवा चौक सुरू झाला. खर्च ८६५ कोटी, रॅम्प आणि सेवा रस्ते धरून लांबी जवळजवळ १७ किमी.

गाड्यांची सोय झाली, त्याबद्दल कुरकुर नाही. पण संध्याकाळी सातला मुंबईच्या बाजूला जाऊन बघा. रॅम्प महामार्गाला मिळतो तिथे रस्त्यावर तिरक्या पांढऱ्या पट्ट्यांचा त्रिकोण रंगवलाय. गाड्यांनी तिथे चाक घालू नये म्हणून. त्या त्रिकोणात माणसं उभी असतात. बॅगा, कडेवर पोरं, मोबाइलचा टॉर्च हलवून ट्रॅव्हल्सला हात करणारे एक आजोबा, आणि "वाकड, वाकड" ओरडणारी रिक्षा. बस पट्ट्यांवरच थांबते. रॅम्पवरून वेगात उतरणारा डावीकडे बघू की उजवीकडे करत करकचून ब्रेक मारतो.

ही माणसं आकाशातून पडलेली नाहीत. ती पूर्वीपासून इथेच बस पकडत होती. १७ किमीचा आराखडा करताना त्यांना कुणी मोजलं नाही, इतकंच.

आता धागा काढायचं कारण. कोथरूडमधल्या वनाज ते चांदणी चौक मेट्रोला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे कोथरूड डेपो आणि चांदणी चौक ही दोन स्थानकं होणार आणि चांदणी चौक शेवटचं असणार. शेवटच्या स्थानकावर उतरलेला माणूस पुढे कुठेतरी जातोच: बावधनला, भूगावला, नाहीतर मुंबईच्या बसला. स्थानकाचे जिने कुठे उतरणार हे एकदा पक्कं झालं की मग आपण नुसतं अर्ज करत बसायचं. म्हणून म्हणतो, बावधन, भुसारी कॉलनी, भूगाव, वारजे इथल्या लोकांनी आधीच एकत्र बसावं. कोण कुठे उभा राहतो, कुठून कुठे ओलांडतो, कुठली बस कुठे थांबते हे नकाशावर मांडावं आणि तो नकाशा संबंधितांच्या टेबलावर ठेवावा. ट्रॅव्हल्सचे एजंट आणि रिक्षावाले यांनाही बोलवायचं, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मतं सांगा. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण चौकाबद्दल द्या.

चौथा_गिअर

पूर्ण असहमत. मी आठवड्याला बंगळूर लाइनवर असतो. महामार्ग हा महामार्ग आहे, त्याचं एसटी स्टँड करायचं नाही. त्या त्रिकोणात उभं राहणाऱ्याची सोय करून देणं म्हणजे चूक केल्याबद्दल बक्षीस देण्यासारखं आहे. लोखंडी जाळी लावा, थांबणाऱ्या बसला दंड करा, विषय संपला. मुंबईला जायचंय तर स्वारगेट आहे, वाकड आहे. द्रुतगती मार्गावर पायी माणूस चालतो का? नाही. मग इथेच का लाड?

भूगावची_सून

@चौथा_गिअर, दादा, जाळी लावली होती की. वाकवून माणूस जाईल एवढी फट केली लोकांनी. पोलीस आले की फट बांधतात, दोन दिवसांनी परत उघडते. साडी नेसलेल्या बाईला त्या फटीतून पिशवी घेऊन निघताना बघा एकदा, हौस म्हणून कुणी करत नाही ते.

आणि स्वारगेट म्हणता? भूगावातून स्वारगेटला जायचं तर आधी भूगाव गावठाणातली कोंडी, मग चांदणी चौक, मग अख्खं कोथरूड. म्हणजे ज्या चौकातून बस जाणार, तो चौक ओलांडून पुढे तासभर जायचं, बसायचं, आणि त्याच चौकातून परत यायचं. कुठला शहाणा असं करेल?

चौथा_गिअर

ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण रॅम्पच्या तोंडाशी एखादी बस चुकून कुणाला चिरडून गेली तर पेपरात "चालकाचा ताबा सुटला" असं येतं. त्या चालकाचाही विचार करा.

सळई_आणि_सिमेंट

मी याच क्षेत्रात आहे (या प्रकल्पाशी संबंध नाही). दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताय पण वेगवेगळ्या टोकांनी.

रॅम्पवरची गाडी वेग वाढवत मुख्य रस्त्यात शिरते, त्यासाठी तिला मोकळी लांबी लागते. त्या लांबीत बस थांबली की सगळं गणित बिघडतं. तेव्हा चौथा_गिअर यांचं म्हणणं बरोबर: त्या त्रिकोणात थांबा होऊच शकत नाही. पण त्यावरून "थांबाच नको" असा निष्कर्ष काढला तर लोक तिथेच उभे राहणार. उत्तर असं की थांबा मुख्य रस्त्यावरून काढून सेवा रस्त्यावर न्यायचा, रॅम्प महामार्गाला मिळतो त्या जागेपासून बराच पुढे, आणि बसला परत महामार्गावर यायला नीट वाट द्यायची. बसवाला तिथे कधी जाईल? त्याची दोन-तीन मिनिटंच जाणार असतील आणि प्रवासी तिथेच मिळणार असतील तर. नुसता फलक लावून जाणार नाही.

आता ओलांडण्याबद्दल. पादचारी पुलाची मागणी चौक सुरू झाल्यापासून चालू आहे. पूल म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण उंची कुणी बघत नाही. महामार्गावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते, वर पुलाची स्वतःची जाडी. म्हणजे सहा-साडेसहा मीटर चढ, पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीसच्या वर पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. बॅग घेऊन. भुयारी मार्गाला त्याहून बऱ्याच कमी पायऱ्यांत भागतं, कारण माणसाच्या डोक्याएवढी उंची पुरते. पण भुयारी मार्गात पाणी आणि अंधार. म्हणून जागा बघून ठरवायचं: रस्ता डोंगर कापून खोलात गेलाय तिथे पूल टाका, काठावरून सरळ चालत पलीकडे जाता येतं, चढच नाही. रस्ता भरावावर आहे तिथे खालून बोगदा. चांदणी चौकात जमिनीची पातळी पावलोपावली बदलते, त्यामुळे पूल शंभर मीटर इकडे की तिकडे यावर तो वापरला जाणार की भिकाऱ्यांना झोपायला होणार हे ठरतं. हे टेबलावर बसून कळत नाही. धागाकर्त्याच्या नकाशाचा खरा उपयोग इथे आहे.

भूगावची_सून

शेवटचा परिच्छेद पटला, फक्त भिकाऱ्यांना मध्ये आणायची गरज नव्हती.

जुना_कोथरूडकर

लोकसहभाग, लोकसहभाग. फार ऐकलं. या शहरात एक रस्ता करायचा म्हटला की दहा समित्या, बारा याचिका आणि वीस निवेदनं. चांदणी चौकाचं भूमिपूजन २०१७ ला झालं, उद्घाटन २०२३ ला. सहा वर्षं! त्यात आणखी तुमच्या बैठका घाला म्हणजे आमच्या नातवंडांना मेट्रो मिळेल. नकाशा काढायला वाहतूक तज्ज्ञ असतात, त्यांना पगार असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं ठरत नाही, हे लोक इंटरचेंज ठरवणार.

टेकडीपलीकडचा

काका, ती सहा वर्षं बैठकांमुळे गेली नाहीत. मोठा वेळ भूसंपादनात गेला: जागा, मोबदला, कोणाची किती जाते. सामान्य प्रवाशाला त्यात कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याने उशीर केला असं म्हणता येत नाही.

कायद्यातच गोम आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ प्रमाणे जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की २१ दिवसांत हरकत घेता येते, पण कुणाला? त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला. रोज तिथे उभं राहून बस पकडणाऱ्या बाईची जमीन नसते, तेव्हा तिची हरकत कुठेच बसत नाही. याउलट शहराची विकास योजना करताना महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात कुणाच्याही हरकती-सूचना घ्याव्या लागतात. चौक मात्र महामार्गाच्या हद्दीत. त्यामुळे आपण मधल्या फटीत.

तज्ज्ञांबद्दल: विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल तज्ज्ञांनीच केले होते. मेट्रोच्या कामाला आडवे येतात म्हणून २०२० च्या टाळेबंदीत पाडले. तिथे कुठल्या सोसायटीची मीटिंग नडली होती?

जुना_कोथरूडकर

विद्यापीठ चौकाचं नाव काढू नका, रक्तदाब वाढतो.

पण मुद्दा सोडत नाही. हरकत घ्यायचा हक्क हवा, हे मान्य. "आराखडा आम्हीच करू" हे अमान्य. बावधनवाल्यांना स्थानकाचा जिना आपल्या बाजूला हवा, कोथरूडवाल्यांना आपल्या. भूगाव तर महापालिकेतच नाही. तिघांचं जमणार कसं?

अर्धा_कप_कडक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. बाकी जिना कुठेही उतरवा, खाली वडापावची गाडी आधी पोचलेली असेल.

तिसरी_पाळी_पिरंगुट

मी सहसा वाचतोच, लिहीत नाही. पिरंगुटला कंपनीत आहे, रात्रीची पाळी असते. कोथरूडला राहतो.

इथे सगळे बावधन आणि मुंबईची बस यावर बोलतायत. पहाटे पाळी सुटल्यावर शेअर जीप चांदणी चौकात सोडते. जीपवाला वनाजपर्यंत येत नाही, त्याला लगेच मागे फिरायचं असतं. तिथून पीएमपी (शहराची बस) मिळाली तर ठीक, नाहीतर पौड रस्त्याच्या उतारावर पायी. उताराच्या बाजूने चालायला पदपथ मधेच संपतो आणि रॅम्पचा कठडा सुरू होतो. मग रॅम्पच्याच कडेने चालायचं, समोरून गाडीचे दिवे डोळ्यात. अंगात कंपनीचं निळं जॅकेट असतं, ते अंधारात दिसत नाही. आमच्यातले काही जण आता पिवळ्या पट्टीचं जॅकेट घरी नेतात, खरं तर ते कंपनीत जमा करायचं असतं.

नकाशा काढणार असाल तर फक्त संध्याकाळी सातला जाऊ नका. पहाटेही जा.

सळई_आणि_सिमेंट

वरचा प्रतिसाद सगळ्यात कामाचा. वाहनांची मोजणी अनेकदा चोवीस तास होते, पायी चालणाऱ्यांची गर्दीच्या वेळेपुरती, तीही झाली तर. पाळीवाला त्यात सापडत नाही.

चौथा_गिअर

ठीक आहे. पाळीवाल्या मित्रांसाठी पदपथ सलग हवा, यावर वाद घालणारा मी कोण. रॅम्पच्या कडेला माणूस दिसला की माझ्याही छातीत धडकी भरते. पण माझी अट कायम: महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर एकही बस थांबता कामा नये. तुमच्या नकाशात ही ओळ सगळ्यात वर लिहा. सेवा रस्त्यावर थांबा केला आणि तरीही ट्रॅव्हल्सवाले त्रिकोणातच थांबले, तर तेव्हा कोण जबाबदार? दंड करायला पोलीस लागतात, नकाशा दंड करत नाही.

शिवाय दूरच्या गाड्या शहराबाहेरून काढणारा रिंग रोड होत नाही तोवर ही सगळी मलमपट्टी आहे. बंगळूरचा कंटेनर चांदणी चौकातून जायचं कारणच काय?

टेकडीपलीकडचा

रिंग रोड व्हावाच. पण रिंग रोडने कंटेनर जाईल, भूगावहून येऊन बस पकडणारी बाई जाणार नाही. ती इथेच राहणार.

दंडाच्या बाबतीत तुमचं म्हणणं घेतो: नवा थांबा सुरू झाल्यावर पहिले काही महिने रोज संध्याकाळी वाहतूक पोलीस त्रिकोणापाशी हवेत, हे मागणीतच लिहायचं.

काका, तिघांचं जमणार नाही हे खरंच होऊ शकतं. पण जिना कुणाच्या बाजूला यावर आत्ता भांडूच नका. आधी मोजणी करू: कोण, किती वाजता, कुठून कुठे. आकडा समोर आला की जिना कुठे हवा हा वाद निम्मा मिटतो. उरलेला निम्मा भांडू, त्यात पुणेकरांना सराव आहे.

मोजणीचं असं ठरवतोय: रविवार सोडून कामाचे दोन दिवस, पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ. उभं राहायचं ते कठड्याच्या आत, रस्त्यावर नाही. भूगावची_सून, तुमच्या बाजूच्या चार बायका मिळतील का? बायका कुठून ओलांडतात आणि कुठून टाळतात हे आम्हाला दिसणार नाही.

भूगावची_सून

चार नाही, दहा येतील. पण पहाटेचं त्या तुमच्या त्रिकोणाजवळ आम्ही उभ्या राहणार नाही, आधी तिथला दिवा सुरू करून घ्या.

जुना_कोथरूडकर

संध्याकाळची पाळी माझी. वही माझ्याकडे आहे. जिना मात्र कोथरूडच्याच बाजूला.