मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात वारलेल्या काकांची कोर्टातली फाइल कुठे शोधायची?

मृण्मयी_के | ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझे सख्खे काका १९७१ साली अमेरिकेला गेले आणि तिकडचेच झाले. लग्न केलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या एका मित्राचा बाबांना फोन आला होता. अंत्यविधी उरकले, बाकीचं कोर्टातून कळेलच, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्याला दीड वर्ष झालं. कोर्टातून काही आलं नाही आणि त्या मित्राचा नंबरही आता लागत नाही.

बाबा ८४ वर्षांचे आहेत. महिन्यातून एकदा तरी विचारतात, "कोर्टाचं काही आलं का गं?" पैशांचा प्रश्नच नाही असं खोटं बोलणार नाही. पण बाबांना खरं हवंय ते वेगळंच. भावाने जाताना आपली आठवण ठेवली होती की नाही, एवढंच त्यांना कळायला हवंय.

आतापर्यंत मी केलेले उद्योग:

पेसर नावाच्या सरकारी साइटवर खातं काढलं, नाव टाकलं. शून्य. मग गुगलवर सगळ्यात वर दिसलेल्या एका खाजगी साइटने "कोर्ट रेकॉर्ड तयार आहे" म्हणून कार्डावरून ३० डॉलर घेतले. हातात काय आलं, तर काकांचे जुने पत्ते आणि "संभाव्य नातेवाईक" म्हणून आम्ही जन्मात न ऐकलेली चार नावं. पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे कापले, तेव्हा कार्डच बंद केलं. शेवटी सांता क्लारा कौंटीच्या (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टाच्या साइटवर शोधलं, कारण काकांचं सगळं आयुष्य सनीव्हेलमध्ये गेलं. तिथेही काही नाही.

प्रश्न असे: आम्ही परदेशी, शिवाय खटल्यात पक्षकारही नाही, मग फाइल बघता येते का? पुण्यात बसून येते का? आणि वकील लावावाच लागतो का?

---

जुना_कारकून | ३ ऑगस्ट

ताई, मी पुण्याच्या कोर्टात नकला विभागात तीस वर्षं काढली. आपल्याकडे त्रयस्थाने नक्कल मागितली की पहिला प्रश्न "तुमचा काय संबंध?" तिकडे उलटं आहे असं ऐकून आहे. जाणकार सांगतीलच. वाचतोय.

---

नक्कलनवीस | ४ ऑगस्ट

कारकूनकाकांनी बरोबर ऐकलंय. मी सॅक्रामेंटोत वारसा-मालमत्तेची कामं करणाऱ्या एका वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे सहायक आहे. हा वकिली सल्ला नाही, फाइल कशी शोधायची तेवढं सांगतो.

आधी पेसर सोडून द्या. पेसर फक्त फेडरल कोर्टांसाठी, म्हणजे दिवाळखोरी, पेटंट, केंद्राचे गुन्हे वगैरे. वारसा, घटस्फोट, भाडेकरू, मारामारी हे सगळं राज्याच्या कोर्टात चालतं. कॅलिफोर्नियात ५८ कौंट्या आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं सुपीरियर कोर्ट. आपल्या ई-कोर्ट्ससारखा १६ अक्षरी सीएनआर (खटल्याचा क्रमांक) टाकला की देशभरातला खटला निघाला, असं इथे नाही. ५८ कोर्टं, ५८ खिडक्या. त्यामुळे कौंटी चुकली की सगळंच चुकलं.

मृताच्या मालमत्तेचं जे प्रकरण चालतं त्याला इथे प्रोबेट म्हणतात. मृत्युपत्र असो वा नसो, शब्द तोच. ते प्रकरण मृत्यूच्या वेळी माणूस ज्या कौंटीचा रहिवासी होता तिथेच दाखल होतं. तो उभं आयुष्य कुठे राहिला याला महत्त्व नाही. काका शेवटपर्यंत सनीव्हेललाच होते का?

प्रोबेटची फाइल सार्वजनिक असते. काउंटरवर जाऊन कोणीही मागू शकतो, कारण सांगावं लागत नाही, नागरिकत्व कोणी विचारत नाही. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट. प्रमाणित प्रत हवी असेल तर शिक्क्याचे वेगळे ४० डॉलर, ते आत्ता अजिबात भरू नका. केस नंबर माहीत नसेल आणि क्लार्कला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर शोध-फी. म्हणून आधी साइटवर स्वतः नंबर काढायचा, मग कागद मागायचे.

---

मृण्मयी_के | ४ ऑगस्ट

खूप आभार. शेवटची दोन-अडीच वर्षं ते फ्रीमॉन्टला ज्येष्ठांच्या अपार्टमेंटमध्ये होते. पण ते सनीव्हेलपासून जवळच आहे ना? एकच कौंटी असेल असं धरून चालले होते.

---

बे_एरियाचा_बंड्या | ४ ऑगस्ट

अहो ताई! फ्रीमॉन्ट अलमेडा कौंटीत!! मधल्या मिलपिटासपर्यंत सांता क्लारा, त्यापुढे अलमेडा. रस्त्यावरून जाताना कळतही नाही. मी फ्रीमॉन्टमध्येच राहतो. अलमेडाचं प्रोबेट बर्कलीच्या कोर्टात चालतं.

---

नक्कलनवीस | ५ ऑगस्ट

बंड्याने गाठ सोडवली. आता अलमेडाच्या पोर्टलवर शोधा. आपल्या नावांचा एक घोळ असतो तो सांगतो, आमच्या ऑफिसात हे दर आठवड्याला होतं.

आडनाव काय ते इथे लिहू नका. समजा क्षीरसागर आहे. "क्षी"ला कोणी एक आय लावतो, कोणी दोन ई. आपण मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावतो, ते पासपोर्टवर एका खणात असतं आणि बँकेत दुसऱ्या. मग प्रकरण कधी मधल्या नावासकट दाखल होतं, कधी नुसत्या आद्याक्षरावर. पूर्ण नाव टाकून "निकाल शून्य" आला तर लगेच निराश होऊ नका. नुसतं आडनाव टाका, जमत असेल तर पहिली चार-पाच अक्षरंच टाका, आणि प्रकरणाचा प्रकार प्रोबेट निवडा. काकांना तिकडे सगळे "सॅम" किंवा "व्हिक" म्हणत असतील तर तेही करून बघा. हसू नका, उर्फ म्हणून ते नाव मथळ्यात असतं.

प्रकरण सापडलं की तारीखवार नोंदींची यादी दिसेल. ती आपल्या रोजनाम्यासारखी असते. त्यात हे कागद शोधा:

मूळ अर्ज, फॉर्म डीई-१११. सगळ्यात महत्त्वाचा हाच. मृत्युपत्र आहे की नाही, मालमत्तेचा अंदाज, आणि शेवटी सगळ्या वारसांची नावं, नातं आणि पत्ते. पहिल्या पानावर वर डाव्या कोपऱ्यात वकिलाचं नाव आणि फोन असतो.

मग नोटीस टपालाने पाठवल्याचा पुरावा. सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी प्रत्येक ज्ञात वारसाला नोटीस जावीच लागते, मृत्युपत्रात त्याला काही दिलेलं नसलं तरी. काकांना बायकामुलं नाहीत, आईवडील हयात नाहीत, म्हणजे भावंडं वारस. तुमच्या वडिलांना नोटीस जायलाच हवी होती. ती कुठे गेली ते त्या कागदावर असतं.

आणि डीई-१६०, म्हणजे मालमत्तेची मोजदाद.

---

मिसेस_चिपळूणकर | ५ ऑगस्ट

पण काहीच नाही सापडलं तर? माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत कोर्टात कागदच नव्हता.

---

नक्कलनवीस | ५ ऑगस्ट

बरोबर, तसंही होतं, आणि त्याचा अर्थ कोणी लबाडी केली असा नाही. ज्यांचं स्वतःचं घर असतं ती माणसं प्रोबेटचा खर्च आणि वेळ टाळायला हयातीतच ट्रस्ट करून मालमत्ता त्याच्या नावावर करतात. ट्रस्ट कोर्टात जात नाही, त्यामुळे सार्वजनिक फाइलच नसते. पण अशा ट्रस्टचा मालक वारला की ट्रस्टीने ६० दिवसांत कायदेशीर वारसांना लेखी कळवायचं असतं आणि त्या वारसांना ट्रस्टच्या अटींची प्रत मागता येते. घर ट्रस्टच्या नावावर होतं का, ते कोर्टात नाही, कौंटी रेकॉर्डरकडे कळतं. खरेदीखतं तिथे नोंदतात. कोर्ट आणि रेकॉर्डर ही दोन वेगळी ऑफिसं आहेत, आणि लोक नेहमी एकाच्या दारात दुसऱ्याचं काम विचारतात.

घर नव्हतं आणि बँकेतली शिल्लक थोडी असेल तर तेही कोर्टाशिवाय मिटतं. काका गेले त्या काळात ही मर्यादा १,८४,५०० डॉलर होती, १ एप्रिल २०२५ नंतरच्या मृत्यूंसाठी २,०८,८५० झाली. मृत्यूनंतर ४० दिवस थांबून हक्कदाराने प्रतिज्ञापत्र दिलं की बँक पैसे देते.

तरीही एक गोष्ट बघून ठेवा. मूळ मृत्युपत्र ज्याच्याकडे असतं त्याने मृत्यूची बातमी कळल्यापासून ३० दिवसांत ते कोर्टाच्या क्लार्ककडे जमा करायचं असतं. प्रकरण दाखल नसलं तरी नुसतं मृत्युपत्र तिथे पडलेलं असू शकतं. क्लार्कला ते वेगळं विचारा.

---

देगलूरचा_देव | ६ ऑगस्ट

जरा अवांतर, माफी. भाचीचा घटस्फोट तिकडेच, सांता क्लारात झाला. आता इथे दुसरं लग्न ठरतंय, मुलाकडचे हुकूमनामा मागताहेत. तोही असाच ऑनलाइन दिसेल का?

---

नक्कलनवीस | ६ ऑगस्ट

नाही. कौटुंबिक आणि फौजदारी प्रकरणांचे कागद घरबसल्या दाखवायला कोर्टाच्या नियमांनीच मनाई आहे. नोंदींची यादी दिसते, कागद मात्र कोर्टाच्या इमारतीत जाऊनच बघायचे. भाची स्वतः पक्षकार आहे, तिने प्रमाणित प्रत मागवावी. घटस्फोटाच्या हुकमाची प्रमाणित प्रत १५ डॉलरला मिळते. त्यावर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला घ्या, २० डॉलर. तो हुकूम भारतात ग्राह्य धरला जाईल का हा निराळा विषय, तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं परदेशी निकालांबद्दलचं कलम १३ आडवं येतं. त्यासाठी भारतातला वकील गाठा, आणि वेगळा धागा काढा. या ताईंचा धागा भरकटायला नको.

---

मृण्मयी_के | ९ ऑगस्ट

सापडलं!!

पूर्ण नावावर शून्यच आलं होतं. नुसतं आडनाव टाकल्यावर तिसऱ्या स्पेलिंगला निघालं. प्रकरण मार्च २०२४ मध्ये दाखल, अजून चालू आहे. यादीत अर्ज, वृत्तपत्रातली जाहिरात, नोटिशीचा पुरावा, मे महिन्यातला आदेश असं ओळीने दिसतंय. हात थरथरत होते, पुढे काही उघडायचा धीर झाला नाही. बंड्याला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

बे_एरियाचा_बंड्या | १३ ऑगस्ट

ताईंच्या परवानगीने लिहितो. फ्रीमॉन्टहून बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, ऑरेंज लाइन पकडली, डाउनटाउन बर्कलीला उतरलो, तिथून चालत कोर्ट. दारात विमानतळासारखी तपासणी, पट्टा काढायला लावला. काउंटरवर केस नंबर दिला, ताईंनी सांगितलेले कागद मागितले. २२ पानं, ११ डॉलर. मी कोण, कशाला हवंय, एका शब्दाने विचारलं नाही. मला उगाच वाटत होतं की काहीतरी सफाई द्यावी, तर मीच सांगायला लागलो की मित्राच्या काकांचं आहे वगैरे. बाई म्हणाल्या, "नेक्स्ट."

स्कॅन करून पाठवले आहेत. पैसे नकोत, पुण्याला आलो की मिसळ चारा.

---

जुना_कारकून | १३ ऑगस्ट

कारण न विचारता नक्कल! आमच्या खिडकीवर असं झालं असतं तर साहेबांनी मेमो दिला असता.

---

मृण्मयी_के | १६ ऑगस्ट

मंडळी, कागद वाचले. मृत्युपत्र आहे. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही. आता कळलंय की बर्कलीत कोणीही ११ डॉलर देऊन वाचू शकतो, पण तरीही नको. एवढंच सांगते की बाबांचं नाव आहे, आणि पहिलं आहे.

नोटीस का आली नाही तेही कळलं. वारसांच्या यादीत बाबांचा पत्ता आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचा आहे. वाड्याच्या मालकाचं नाव, विहिरीजवळ, पुणे ३०. तो वाडा २००९ मध्ये पाडला, तिथे आता सहा मजली इमारत आहे आणि आम्ही कोथरूडला. काकांच्या पत्त्यांच्या वहीत तोच राहिला असणार. मित्राने वही बघून लिहून दिला, वकिलाने छापला, आणि नोटीस विहिरीजवळ शोधत फिरली.

काल रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे सकाळी दहा वाजता, अर्जाच्या डाव्या कोपऱ्यातल्या नंबरवर फोन केला. वकिलांच्या ऑफिसातल्या बाईंनी फाइल काढली आणि म्हणाल्या की परत आलेला लिफाफा त्यांच्याकडे आहे, तुमचा फोन यायची वाटच बघत होतो. बाबांचं ओळखपत्र आणि नवा पत्ता मागितला आहे.

बाबांना ते पान मोठं करून दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "विहिरीजवळ बरोबर लिहिलंय त्याने."

नक्कलनवीस, एकच शेवटचं. पुढच्या नोटिशी नक्की याव्यात म्हणून आम्ही काही करायचं का, की वकिलांवर सोडून द्यायचं?

---

नक्कलनवीस | १६ ऑगस्ट

ताई, फार बरं वाटलं वाचून.

सोडून देऊ नका. फॉर्म डीई-१५४ भरा, विशेष नोटिशीची विनंती म्हणतात त्याला. बाबांची सही, एक प्रत मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला किंवा त्यांच्या वकिलाला टपालाने, आणि ती पाठवल्याच्या पुराव्यासकट मूळ कोर्टात. मग मोजदाद, हिशेब, वाटपाचा अर्ज, जे दाखल होईल त्याची प्रत त्यांनी तुम्हाला पाठवायची असते. फॉर्म राज्याच्या न्यायालयीन साइटवर फुकट मिळतो, तो विकणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

आणि पत्त्यात पिन सहा आकडी लिहा, ४११०३८. खाली "भारत" लिहा. नुसतं "पुणे ३८" नको.